रेकॉर्ड रूमच्या बाहेर आलेलं काम : इन्फर्मेशन गव्हर्नन्सबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सरकारी अभिलेख कक्ष, रुग्णालयांचे मेडिकल रेकॉर्ड विभाग, कंपन्यांची सेक्रेटरीयल खाती आणि शाळा-कॉलेजांची कार्यालयं इथून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं मुख्यतः महाराष्ट्रातली आहेत, कायदे भारतातले आहेत. क्रमानेच वाचलं पाहिजे असं नाही. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. प्रत्यक्ष वाद उभा राहिला असेल तर मात्र वकिलाचा सल्ला घ्या.

१. रेकॉर्ड मॅनेजमेंट आणि इन्फर्मेशन गव्हर्नन्स यांत नेमका फरक काय? की जुन्याच कामाला नवीन नाव दिलंय?

जुन्या पद्धतीत रेकॉर्ड सांभाळणाऱ्याचं काम फाइल बंद झाल्यावर सुरू व्हायचं. फाइल त्याच्याकडे यायची, तो तिचा वर्ग पाहायचा, यादीत नोंद करायचा, गठ्ठा बांधायचा, मुदत संपली की नाशाचा प्रस्ताव ठेवायचा. फाइल तयार होताना तिच्यात काय असावं, ती कोणी पाहावी, तिच्या किती प्रती निघाव्यात, यात त्याला कुणी विचारत नसे.

इन्फर्मेशन गव्हर्नन्समध्ये हे सगळे प्रश्न माहिती तयार होण्याच्या आधी विचारले जातात आणि त्यांची उत्तरं लेखी ठरतात. कच्चे मसुदे, ईमेल, चॅट, सीसीटीव्हीचं चित्रण, बॅकअप, कुणाच्या तरी लॅपटॉपवरची एक्सेल शीट, अशी ‘रेकॉर्ड’ म्हणून कधीच न नोंदलेली माहितीही त्यात येते. २०२२ मध्ये या विषयावर आयएसओ २४१४३ हे स्वतंत्र आंतरराष्ट्रीय मानक आलं. रेकॉर्ड मॅनेजमेंटचं मानक, आयएसओ १५४८९, त्याच्या वीसेक वर्षं आधीचं, २००१ मधलं आहे.

त्यामुळे नुसतं नाव बदललेलं नाही. पेशाच्या दृष्टीने सगळ्यात मोठा बदल एकच आहे : नवीन सॉफ्टवेअर विकत घेण्याचं ठरत असताना रेकॉर्डचा माणूस त्या बैठकीत हवा. या पानावरची बरीचशी उत्तरं फिरून याच मुद्द्यावर येतात, कारण बहुतेक अडचणींचं मूळ तो तिथे नसण्यात आहे.

२. पण हे आत्ताच का? इतकी वर्षं तर चाललंच होतं.

चाललं होतं, पण नीट नाही. दबाव वेगवेगळ्या बाजूंनी वाढत गेला.

अमेरिकेत २००२ मध्ये एन्रॉन या ऊर्जा कंपनीच्या घोटाळ्यात आर्थर अँडरसन या लेखापरीक्षण संस्थेने कागदपत्रं नष्ट केल्याचं प्रकरण गाजलं, आणि त्याच वर्षी कंपन्यांच्या हिशेबांवर कडक बंधनं घालणारा सार्बेन्स-ऑक्सली कायदा आला. २००६ पासून तिथल्या दिवाणी न्यायालयांच्या नियमांत इलेक्ट्रॉनिक माहिती सादर करण्याची तरतूद स्पष्टपणे आली. ‘सर्व्हरवर कुठेतरी असेल’ हे उत्तर कंपन्यांना परवडेनासं झालं, आणि इन्फर्मेशन गव्हर्नन्स ही कल्पना तिथल्या वकिलांच्या आणि रेकॉर्ड मॅनेजरांच्या कामातून रुजली.

आपल्याकडे वेगळी वाट होती. १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा केंद्र सरकारच्या कार्यालयांसाठी आला. त्यात संगणकाने तयार केलेली सामग्रीही अभिलेख मानली आहे, हे आजही अनेकांना माहीत नसतं. राज्यासाठी महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ आहे. पण खरा धक्का दिला तो २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने. त्याच्या कलम ४(१)(क) मध्ये पहिलंच कर्तव्य सांगितलंय ते अभिलेखांची सूची आणि निर्देशसूची ठेवण्याचं. अर्ज, अपील, दंड हे सगळं त्यानंतर येतं. कायदा करणाऱ्यांना कळलं होतं की यादीच नसेल तर माहितीचा अधिकार कागदावरच राहील.

मग २१ जून २०१२. मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर लागलेली आग वरच्या मजल्यांवर पसरली. पाच जणांचा जीव गेला आणि अनेक विभागांच्या फाइली जळाल्या. कुठल्या फाइली गेल्या हे सांगायलाही आधी कुठल्या होत्या याची बाहेर ठेवलेली यादी लागते. फाइली संगणकावरच चालवण्याचा, म्हणजे ई-ऑफिसचा, आग्रह त्यानंतर जोर धरू लागला. आणि आता २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला आहे. माहिती जपण्याबरोबरच काम संपल्यावर ती पुसण्याची जबाबदारीही त्याने आणली (प्रश्न ७).

३. सरकारी कार्यालयात अ, ब, क, ड वर्गवारी आणि सहा गठ्ठा पद्धत आधीपासून आहे. मग नवीन काय शिकायचं?

ज्याला हे दोन्ही मनापासून येतं त्याचं अर्धं काम झालेलं आहे. जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत ‘अ’ म्हणजे कायम, ‘ब’ म्हणजे ३० वर्षं, ‘क-१’ १० वर्षं, ‘क’ ५ वर्षं आणि ‘ड’ १ वर्ष, ही विभागणी पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. टेबलावरचे कागद सहा गठ्ठ्यांत लावायच्या सहा गठ्ठा पद्धतीत शेवटचे दोन गठ्ठे अभिलेख कक्षात पाठवायच्या आणि नष्ट करायच्या कागदांचे असतात, म्हणजे निपटारा हा रोजच्या टेबलाचाच भाग धरला आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी कार्यालय आणि दप्तर यांची जी घडी बसवली, ती ‘लखीना पॅटर्न’ म्हणून राज्यभर ओळखली गेली. आपल्याकडे या विचाराची परंपरा आहे, आणि तिचा अभिमान वाटावा इतकी ती चांगली आहे.

नवीन आहे ते हे, की ही वर्गवारी कागदाच्या गठ्ठ्यावर लिहिली जायची आणि डिजिटल फाइलला गठ्ठाच नसतो. ई-ऑफिसमध्ये फाइल तयार होतानाच तिचा विषय आणि वर्ग निवडावा लागतो. घाईत असलेला माणूस समोर येणारा पहिला पर्याय निवडून पुढे जातो. पाच वर्षांनी हजारो फाइली एकाच वर्गात दिसतात आणि कुठली कायम ठेवायची हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून वर्गवारी फाइल उघडणाऱ्याच्या मर्जीवर सोडू नका. विषय निवडला की वर्ग आपोआप लागेल अशी सोय सॉफ्टवेअरमध्येच करून घ्या. ती यादी बनवणं हे रेकॉर्ड कीपरचं काम आहे, प्रोग्रामरचं नाही.

४. स्कॅनिंग झालं की मूळ कागद फाडून टाकता येतात का?

नाही. स्कॅन झालं म्हणून मुदत संपत नाही.

मूळ कागदाचा नाश त्याच्या वर्गाप्रमाणे, मुदत पूर्ण झाल्यावर, सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीने आणि नाश-यादी करूनच होतो. १९९३ च्या केंद्रीय अभिलेख कायद्यात तर १८९२ पूर्वीचा अभिलेख नष्ट करायला जवळजवळ पूर्ण मनाई आहे. विहित पद्धत सोडून अभिलेख नष्ट केला तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ₹१०,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

काही दस्तऐवजांचं मूळच महत्त्वाचं असतं. इलेक्ट्रॉनिक अभिलेखांना मान्यता देणारा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मृत्युपत्राला लागूच होत नाही. सही, शाई किंवा अंगठा यांवर पुढे वाद होऊ शकेल असा प्रत्येक कागद याच रांगेत धरा.

एक सवय लावून घ्या. कंत्राटदाराने स्कॅन केलेल्या पानांची तपासणी नमुन्यादाखल तरी आपल्याच माणसाने मूळ कागद समोर ठेवून करायची. दुमडलेला कोपरा, मागच्या बाजूची टिपणी, चिकटवलेली चिठ्ठी या गोष्टी स्कॅनमध्ये हमखास सुटतात. महसुली प्रकरणात तर निकाल त्या मागच्या टिपणीवरच फिरू शकतो.

५. ई-ऑफिस आल्यावर रेकॉर्ड कीपरची गरज उरणार का? आमच्याकडे पद रिक्त ठेवायचं चाललंय.

गठ्ठे उचलून आणणाऱ्याची गरज कमी होईल. काय ठेवायचं, कुठे आहे आणि किती दिवस, हे सांगणाऱ्याची गरज वाढली आहे. कागदाच्या काळात एका निर्णयाची एक फाइल असायची. आज त्याच निर्णयाची टिपणी ई-ऑफिसमध्ये, जोडपत्र ईमेलमध्ये, आकडे कुणाच्या तरी एक्सेलमध्ये आणि खरी चर्चा फोनवर असते. हे तुकडे एकत्र धरणारा माणूस नसेल तर दहा वर्षांनी तो निर्णय का झाला हे कुणालाही कळणार नाही. पद रिक्त ठेवणारे आज पगार वाचवतात आणि त्याची किंमत पुढच्या साहेबांना चौकशीत मोजावी लागते. प्रस्तावावर हे स्पष्ट लिहा.

६. साठवणूक आता इतकी स्वस्त आहे, मग सगळंच ठेवून दिलं तर काय बिघडलं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि बहुतेक वेळा आयटी विभागाकडून येतो.

पहिली गोष्ट, डिस्क स्वस्त झाली तरी शोध स्वस्त झालेला नाही. एकाच परिपत्रकाच्या बारा प्रती असतील तर त्यातली शेवटची मंजूर प्रत कोणती, हे ठरवायला माणसाचाच वेळ जातो. दुसरी, चोरी झाली तर जितकं ठेवलंय तितकं जातं. दहा वर्षांपूर्वी नोकरीसाठी अर्ज केलेल्या, कधीच न घेतलेल्या उमेदवारांचे आधार क्रमांक आजही फोल्डरमध्ये असतील तर ते गळतीत बाहेर पडतील आणि जबाबदारी तुमची राहील. २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल ₹२५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. तिसरी, जे तुमच्याकडे आहे ते न्यायालय आणि चौकशी अधिकारी मागू शकतात. मुदतीप्रमाणे, लेखी नियमाने, नोंद ठेवून पूर्वीच नष्ट केलेलं असेल तर ‘नियमानुसार नष्ट केलं, ही नोंद’ हे प्रामाणिक आणि पुरेसं उत्तर असतं.

चौथी गोष्ट अलीकडची आहे. कार्यालयातल्या शेअर्ड ड्राइव्हवर एआयची शोधसाधनं बसवली जात आहेत. ती साधनं रद्द झालेलं २०१४ चं परिपत्रक आणि चालू परिपत्रक सारख्याच आत्मविश्वासाने पुढे करतात. शिवाय ज्या फोल्डरची परवानगी चुकून सगळ्यांना दिलेली होती पण कुणाचं लक्ष नव्हतं, ते एका साध्या प्रश्नावर उघडं पडतं. एआय बसवण्याआधी ड्राइव्ह साफ करा आणि परवानग्या तपासा. नंतर करणं फार जड जातं.

नष्ट करायला हात धजावत नाही, हे मी समजू शकतो. आपल्याकडे कागद टाकून दिल्याबद्दल माणूस अडकतो, ठेवल्याबद्दल सहसा अडकत नाही, असा अनुभव आहे. म्हणूनच नाश हा कधीही एकट्या माणसाचा निर्णय असू नये. मुदतीचं वेळापत्रक, दोन सह्या आणि कायम जपलेली नाश-यादी, एवढं असेल तर भीतीचं कारण उरत नाही.

७. ग्राहक म्हणतो माझी माहिती काढून टाका. दुसरीकडे कंपनी कायदा म्हणतो आठ वर्षं ठेवा. कुणाचं ऐकायचं?

दोघांचंही ऐकता येतं. २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्याच्या कलम ८(७) मध्येच लिहिलंय की संमती मागे घेतली किंवा हेतू संपला की माहिती पुसायची, मात्र दुसऱ्या एखाद्या कायद्यासाठी ती ठेवणं आवश्यक असेल तर नाही. कंपनी कायदा, २०१३ चं कलम १२८ हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं ठेवायला सांगतं. जीएसटीत वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने आहेत.

मेख इथे आहे, की कायद्याला बिल हवंय. ग्राहकाचा वाढदिवस, त्याची आवडनिवड आणि दुकानातल्या कॅमेऱ्यातला चेहरा नकोय. त्यामुळे माहितीचे तुकडे वेगळे करा. बिल मुदतीपर्यंत ठेवा, बाकीचं पुसा, आणि ग्राहकाला तसं लेखी कळवा. हे शक्य व्हायला सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवलेल्या असायला हव्यात. म्हणजे पुन्हा प्रश्न १ चा मुद्दा.

या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि संस्थांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांना त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत दिली आहे. ती मुदत मुदतींचं वेळापत्रक बनवायला वापरा. सरकारी यंत्रणांना पुसण्याच्या या तरतुदीतून कलम १७(४) ने सूट दिली आहे. त्यांचा नाश अभिलेख कायद्यानेच चालतो. संशोधन आणि अभिलेखागारासाठी ठेवलेल्या माहितीलाही ठरलेल्या मानकांच्या अटीवर सूट आहे.

८. साहेबांनी व्हॉट्सअ‍ॅपवर दिलेला आदेश रेकॉर्ड धरायचा का?

आदेशावर कारवाई झाली असेल तर हो. माध्यमावरून रेकॉर्ड ठरत नाही, त्यातून काम झालं का यावरून ठरतं.

पण व्हॉट्सअ‍ॅप हे ठेवण्याचं ठिकाण नव्हे. फोन खाजगी असतो, बदली झाली की माणसाबरोबर जातो, मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय असते. पूर आणि दंगलीच्या काळात तातडीचे आदेश फोनवरच जाणार, त्याला पर्याय नाही. अशा वेळी शक्य तितक्या लवकर फाइलवर टिपणी घ्या : अमुक वाजता, अमुक अधिकाऱ्यांनी, असा आदेश दिला, त्यानुसार हे केलं. मेसेजचा स्क्रीनशॉट जोडा आणि साहेबांची सही घ्या. सही मागायला संकोच करू नका. त्या सहीने दोघांचंही रक्षण होतं.

९. आणि ईमेल? रोज शेकडो येतात, प्रत्येकाची वर्गवारी कोण करणार?

कुणी करत नाही, हे जगभर दिसून आलंय. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने २०१३ मध्ये ‘कॅपस्टोन’ नावाची पद्धत आणली : ईमेलचा विषय पाहण्याऐवजी खातं कुणाचं आहे ते पाहायचं. वरिष्ठ अधिकाऱ्यांची खाती कायम, बाकीच्यांची ठरावीक मुदतीपुरती. मोठ्या कंपन्यांनी आणि विद्यापीठांनी याचा विचार जरूर करावा. खाती पदनामाने द्या, व्यक्तीच्या नावाने नको, म्हणजे बदलीबरोबर पत्रव्यवहार जाणार नाही.

१०. माहिती अधिकारात ‘फाइल सापडत नाही’ असं उत्तर देता येतं का?

तेवढ्यावर सुटका होत नाही. माहिती नाकारण्याची कारणं कायद्याच्या कलम ८ आणि ९ मध्ये दिली आहेत आणि ‘गहाळ’ हे कारण त्यात नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केलं की कसून शोध घ्यावा लागेल, आणि तरी सापडली नाही तर चौकशी करून जबाबदारी निश्चित करावी लागेल. मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये, राज्यातल्या गहाळ फाइलींच्या संदर्भात, महाराष्ट्राच्या अभिलेख कायद्याखाली फौजदारी कारवाईचा मार्ग दाखवला.

फाइल खरंच नसेल तर करायच्या गोष्टी अशा : शोध कुठे कुठे घेतला याचा अहवाल, शेवटची हालचाल नोंद, इतर कार्यालयांत गेलेल्या प्रतींवरून पुनर्बांधणी, आणि वरिष्ठांना लेखी कळवणं. फाइल नियमाने नष्ट झाली असेल तर नाश-यादीची प्रत द्या. ती यादी नसेल तर ‘नष्ट झाली’ आणि ‘हरवली’ यांत फरक सिद्ध करणं अशक्य होतं.

११. कोर्टात डिजिटल रेकॉर्ड नाकारलं जातं असं ऐकलंय. आम्ही काय तयारी ठेवावी?

यावरचा देशातला सगळ्यात महत्त्वाचा निकाल जालन्याच्या प्रकरणातून आला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर स्वीकारला गेला, असा आक्षेप कैलास गोरंट्याल यांनी घेतला. पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्याच्या चित्रणाचा. सीडी मिळाल्या, पण पुरावा कायद्याच्या कलम ६५ब खालचं प्रमाणपत्र (ही प्रत अमुक यंत्रातूनच काढली आहे असं सांगणारं) वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिलं नाही. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की मूळ यंत्रच हजर केलं नसेल तर असं प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मात्र एखाद्याने ते मिळवण्यासाठी शक्य ते सगळं केलं आणि ज्याच्या हातात होतं त्यानेच दिलं नाही, तर त्याला त्याचा फटका बसणार नाही.

अभिलेख सांभाळणाऱ्याने या प्रकरणाकडे त्या कार्यालयाच्या खुर्चीत बसून पाहावं. चित्रण होतं, पण ते कुणाच्या ताब्यात, त्याची प्रत कुणी काढली आणि प्रमाणपत्रावर सही कुणाची, हे आधी ठरलेलं असायला हवं होतं.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ लागू आहे आणि कलम ६५ब ची जागा कलम ६३ ने घेतली आहे. प्रमाणपत्राचा नमुना अनुसूचीत दिला आहे. त्यात दोन भाग आहेत, दुसरा तज्ज्ञाने भरायचा, आणि फाइलचं हॅश मूल्य लिहावं लागतं. हॅश म्हणजे त्या फाइलच्या मजकुरावरून निघणारा आकडा. फाइलमध्ये एक अक्षर बदललं तरी तो बदलतो. तो प्रत काढतानाच काढून नोंदवा. वाद उभा राहिल्यावर काढलेल्या हॅशवरून आधी बदल झाला नव्हता हे सिद्ध होत नाही.

१२. नाशाची तारीख आली, पण त्याच फाइलवर आरटीआय अर्ज किंवा दावा चालू आहे. मग?

नाश थांबवायचा, आणि लगेच. अर्जाचा विषय असलेली माहिती नष्ट केली तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम २० खाली ₹२५,००० पर्यंत दंड होतो. पुरावा म्हणून सादर होऊ नये या हेतूने दस्तऐवज किंवा इलेक्ट्रॉनिक अभिलेख नष्ट करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे.

अवघड भाग असा, की दाव्याची बातमी विधी विभागाला असते आणि नाशाची यादी रेकॉर्ड विभागाकडे. दोघांची गाठ पडत नाही. म्हणून प्रत्येक नाश-यादी मंजुरीआधी विधी विभाग आणि जन माहिती अधिकारी यांच्याकडे फिरलीच पाहिजे असा नियम करा. सॉफ्टवेअर आपोआप पुसत असेल तर स्थगितीचं बटण आहे का, ते पहिल्या दिवशीच तपासा. सीसीटीव्हीला हे विशेष लागू पडतं, कारण जुन्या चित्रणावर काही दिवसांत नवं चढतं आणि अर्ज बहुतेक वेळा त्यानंतर येतो.

१३. आमच्या कक्षात मोडीतले आणि उर्दूतले रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) आहेत. वाचता येत नाहीत, जागा अडते. त्यांचं काय?

हात लावू नका, आणि कुणाला लावूही देऊ नका.

सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्यभरच्या कार्यालयांनी जुनी दप्तरं उघडली. जन्ममृत्यूची कोतवाल बुकं, शाळांचे प्रवेश निर्गम उतारे, महसुली नोंदी, मराठवाड्यातले निजामकाळचे कागद. ज्यांना ‘कुणी विचारत नाही’ म्हणून कोपऱ्यात टाकलं होतं त्यांच्यावर लाखो कुटुंबांची प्रमाणपत्रं अवलंबून असल्याचं दिसलं, आणि मोडी वाचणाऱ्यांचा तुटवडा जाणवला. पुण्याच्या पेशवे दप्तराचंही तसंच. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ मध्ये त्यातले निवडक ४५ खंड निघाले, तेव्हा ते जगासमोर आलं.

वाचता येत नाही तोवर मूल्य ठरवता येत नाही आणि मूल्य ठरल्याशिवाय नाश नाही. रुमालांची बाहेरून दिसेल तेवढी यादी करा, पुराभिलेख संचालनालयाला कळवा, आणि ओल व वाळवी यांपासून वाचवा. एखाद्या तरुण सहकाऱ्याला मोडीच्या वर्गाला पाठवता आलं तर त्याहून चांगली गुंतवणूक नाही.

१४. माहिती अधिकाराचं कलम ८(१)(ञ) बदललं. आता नाव असलेलं प्रत्येक रेकॉर्ड नाकारायचं का?

तसं करू नका. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे का आणि व्यापक जनहित आहे का हे त्याच कलमात पाहावं लागे. २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्याने ते शब्द काढून ‘वैयक्तिक माहिती’ एवढंच ठेवलं, आणि नोव्हेंबर २०२५ पासून तो बदल लागू आहे. पण कलम ८(२) जिथल्या तिथे आहे : प्रकटीकरणातलं जनहित हानीपेक्षा मोठं असेल तर माहिती देता येते. कलम ४ खाली स्वतःहून जाहीर करायच्या गोष्टीही तशाच आहेत.

मला या बदलाची काळजी वाटते. प्रत्येक शासकीय कागदावर कुणाचं तरी नाव असतंच, आणि आळशी नकाराला आता आधार मिळाला आहे. रेकॉर्डच्या माणसाच्या हातात एक उपाय आहे : नाव, पत्ता, बँक खातं हे वेगळं काढून उरलेलं देता येईल अशी फाइलची रचना. कलम १० मध्ये असं अंशतः देण्याची सोय आहेच.

१५. याचं शिक्षण कुठे मिळतं?

दिल्लीत राष्ट्रीय अभिलेखागाराच्या स्कूल ऑफ आर्काइव्हल स्टडीजमध्ये एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आणि छोटे प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहेत. कंपन्यांत जायचं असेल तर आर्मा या अमेरिकी संघटनेची आयजीपी (इन्फर्मेशन गव्हर्नन्स प्रोफेशनल) ही पात्रता ओळखली जाते. माझं मत विचाराल तर, मुदतीचं वेळापत्रक स्वतः बनवता येणं आणि माहिती संरक्षण कायदा मुळातून वाचलेला असणं, या दोन गोष्टींनी मुलाखतीत जास्त फरक पडतो.

१६. गाव महापालिकेत गेलं, ग्रामपंचायत संपली. तिच्या दप्तराचा मालक कोण?

पुण्यात २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली. पुढे फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही दोन गावं त्यातून वेगळी काढून स्वतंत्र नगरपरिषदेकडे दिली. म्हणजे काही दप्तरांचा प्रवास दोनदा झाला. बँकांच्या विलीनीकरणात आणि बंद पडलेल्या शाळांच्या बाबतीत हाच प्रश्न येतो.

ताबा उत्तराधिकारी संस्थेकडे जातो आणि त्याबरोबर जुनी जबाबदारीही. कर आकारणीचा नमुना ८, जन्ममृत्यू नोंदवह्या, बांधकाम परवानग्या, ठरावांची पुस्तकं यांची यादी करून, दोन्ही बाजूंच्या सह्यांनी हस्तांतरण करा. गावाचे कागद महापालिकेच्या विषयवार कपाटांत वाटून टाकू नका. ज्या संस्थेने जे ज्या क्रमाने तयार केलं ते तसंच एकत्र राहू द्या, नाहीतर एका नोंदीचा दुसरीशी असलेला संबंध तुटतो. संगणकातली माहिती असेल तर जुन्या पुरवठादाराचं कंत्राट संपण्याआधीच ती सर्वसाधारण, उघडता येईल अशा स्वरूपात मागून घ्या. कागदपत्रांसाठी पीडीएफ/ए (दीर्घकाळ जपण्यासाठीचा पीडीएफचा प्रकार) चालतं, तक्त्यांसाठी सीएसव्ही. पासवर्ड, लॉग आणि रकान्यांच्या अर्थाची टिपणीही घ्या. एका रकान्यात नुसतं ‘३’ लिहिलेलं असतं, आणि त्याचा अर्थ ‘थकबाकीदार’ होता की ‘सवलत मंजूर’, हे सांगणारा ग्रामसेवक तोवर दुसऱ्या तालुक्यात गेलेला असतो. हस्तांतरणाच्या दिवशी तो समोर असतो, तेव्हाच विचारून लिहून घ्या.